‘तुमचा अपघात झाला होता ना?’ : ब्रिटनमधल्या क्लेमवाल्यांच्या फोनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अपघाताची भरपाई (क्लेम) मिळवून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी फोनांबद्दल ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न मला वर्षभर येत असतात. सप्टेंबरात नवे विद्यार्थी येतात, नवी सिमकार्डं घेतात, तेव्हा जरा जास्तच. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. मी वकील नाही. चार वर्षांपूर्वी सिग्नलला उभा असताना मागून एका व्हॅनने ठोकलं, त्यानंतर जे फोन सुरू झाले त्यातून शिकलो, आणि मग लोकांनी मलाच जाणकार ठरवून टाकलं.

१. हे फोन करणारे नेमके असतात कोण?

बहुतेक वेळा ते ना वकील असतात, ना विमा कंपनी. ते ‘लीड’ विकणारे दलाल असतात. अपघात झालेला, दुखापत झाली असं म्हणणारा आणि क्लेमला तयार असलेला माणूस शोधायचा आणि त्याचं नाव क्लेम कंपनीला विकायचं, हा त्यांचा धंदा. फोनवरचा माणूस स्वतःची ओळखही मुद्दाम गुळमुळीत देतो: ‘अपघात विभाग’, ‘हेल्पलाइन’, ‘तुमच्या विम्याच्या वतीने’. अशा सरकारी खात्यासारख्या नावामागे बऱ्याचदा भाड्याच्या खोलीतले दहा हेडफोन असतात, कधी कधी तेही दुसऱ्या देशात.

दुखापतीच्या खटल्यात वकिलाने गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला पैसे देण्यावर इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २०१३ पासून बंदी आहे. सॉलिसिटरने (इथे अशा दाव्यांचं काम बघणाऱ्या वकिलाने) स्वतः अनोळखी माणसाला फोन करून काम मागायलाही त्यांच्या नियामक संस्थेची मनाई आहे. तेव्हा ‘मी सॉलिसिटर बोलतोय’ असं कोणी आपणहून फोन करून म्हणाला, तर ते वाक्यच संशयाला पुरेसं आहे.

२. माझा कधीच अपघात झालेला नाही. माझ्याकडे तर गाडीसुद्धा नाही. मग मला फोन का?

कारण त्यांना काहीच माहीत नसतं. मशीन एकामागून एक नंबर फिरवतं, जो उचलेल त्याला एकच वाक्य ऐकवलं जातं: ‘आमच्या नोंदीनुसार गेल्या तीन वर्षांत तुमचा एक अपघात झाला होता, ज्यात तुमची चूक नव्हती.’ हे वाक्य कुडमुड्या ज्योतिषासारखं आहे. ‘घरात कोणीतरी आजारी आहे’ म्हटलं की शंभरातले वीस जण दचकतातच. तीन वर्षं हा आकडा मात्र हवेतला नाही. वैयक्तिक दुखापतीचा दावा करण्याची मुदत साधारण तेवढी असते (प्रश्न १० पाहा).

नवीन सिमवर फोन येण्याचं आणखी एक कारण असतं. तुमचा नंबर पूर्वी दुसऱ्या कोणाचा होता. ‘मिस्टर थॉम्पसन का?’ असं विचारलं तर ते थॉम्पसन तुमच्या नंबराचे जुने मालक. आपण ‘नाही, मी कुलकर्णी’ म्हणतो आणि त्यांची यादी अद्ययावत करून देतो.

३. माझा अपघात खरंच झाला होता, आणि त्यांना गाडीचा मेकसुद्धा ठाऊक होता. ही माहिती बाहेर गेली कशी?

हा सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रकार, आणि माझ्याही बाबतीत हाच घडला. व्हॅन ठोकल्यावर नवव्या दिवशी फोन. गाडीचा रंग बरोबर, महिना बरोबर, आडनावाचा मात्र चुराडा.

अपघातानंतर आपली माहिती किती हातांतून जाते ते मोजा: टोइंगवाला, गॅरेज, अंदाजपत्रक करणारं सॉफ्टवेअर, दोन विमा कंपन्या, ब्रोकर, भाड्याची गाडी देणारे. यातला एखादा कर्मचारी चार पैशांसाठी यादी विकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये मोटार-दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या एकाला सहा महिन्यांची कैद झाली. सहकाऱ्यांचे लॉगिन वापरून तो अंदाजपत्रकाच्या सॉफ्टवेअरमधून हजारो ग्राहकांची माहिती काढत होता. माहिती-आयुक्तांच्या कार्यालयाने, म्हणजे आयसीओने, संगणक-गैरवापराच्या कायद्याखाली चालवलेला तो पहिला खटला. २०२१ मध्ये असंच एक प्रकरण कोर्टात संपलं. तिथे रस्त्यावर मदत देणाऱ्या एका कंपनीतली कर्मचारी अपघातांच्या याद्या क्लेमवाल्यांना देत होती.

म्हणून फोन आला की तारीख, वेळ आणि ‘त्यांना आधीच काय ठाऊक होतं’ हे लिहून ठेवा. गॅरेज आणि विमा कंपनी दोघांनाही लेखी विचारा की माझी माहिती कोणाकोणाला दिली. माहिती-संरक्षण कायद्याप्रमाणे हे विचारायला पैसे लागत नाहीत आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. गॅरेजवाल्यावर लगेच आगपाखड करू नका. बऱ्याचदा त्याचीच चोरी झालेली असते.

४. असे फोन करणं बेकायदा आहे की नुसतंच त्रासदायक?

बेकायदा. ८ सप्टेंबर २०१८ पासून ब्रिटनमध्ये क्लेमच्या सेवेसाठी अनाहूत फोन करायचा, तर त्या माणसाची आधी संमती लागते. त्यापूर्वी उलटं होतं: तुम्ही ‘नको’ सांगितलं नसेल तर फोन करायला हरकत नव्हती. आता तुम्ही ‘हवं’ म्हटलं नसेल तर फोन करायचा नाही.

पळवाट आहे ती संमती या शब्दात. ‘तुम्हीच संमती दिली होती’ असं ते ठणकावून सांगतात. कुठे? एखाद्या आयफोनच्या सोडतीत, विम्याचे दर तुलना करताना, ‘आमच्या निवडक भागीदारांकडून’ असं लिहिलेल्या चौकोनात. पण अशी मोघम संमती चालत नाही. कोण फोन करणार हे तिथे नावानिशी स्पष्ट असावं लागतं. आणि दिलेली संमती केव्हाही काढून घेता येते. ‘माझी संमती काढून घेतली, नंबर यादीतून काढा’ हे एक वाक्य पुरे.

शिवाय मे २०१६ पासून जाहिरातीसाठी फोन करणाऱ्याने आपला नंबर दाखवणं सक्तीचं आहे. नंबर लपवून क्लेमची बात करणारा एका फोनमध्ये दोन नियम मोडतो.

५. टीपीएसमध्ये नंबर नोंदवला की हे थांबतं का?

टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिस म्हणजे ‘मला विक्रीचे फोन नकोत’ असं सांगणाऱ्यांची अधिकृत यादी. नोंदणी मोफत आहे, परिणाम दिसायला २८ दिवसांपर्यंत लागतात. मोबाइलवरून ‘टीपीएस’ ही इंग्रजी अक्षरं आणि आपला ईमेल ८५०९५ वर पाठवला तरी काम होतं.

नोंदवा, नक्की नोंदवा. पण त्याने थांबतात ते कायदा पाळणारे: ब्रॉडबँडवाले, खिडक्या बदलणारे, देणग्यावाले. अपघातवाल्यांना मुळात कायद्याचीच पर्वा नाही, तिथे यादीची काय असणार? फायदा एवढाच की नोंदणीनंतर जे फोन येत राहतात ते बहुधा लबाडच असतात, म्हणजे ओळखणं सोपं. आणि टीपीएस लागू होतं ते माणूस बोलतो अशा फोनला. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा नियम वेगळा आहे (प्रश्न ७).

६. चुकून उचलला तर बोलायचं काय? नुसतं ‘यस’ म्हटलं की अडकतो म्हणतात, ते खरं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या ‘यस’च्या भीतीत फार दम नाही. एका ‘यस’वर कोणी तुमच्या नावाने खटला उभा करत नाही. नुकसान होतं ते वेगळं. ‘हो, झाला होता छोटासा’ असं तुम्ही म्हणालात की अंदाजाची माहिती पक्की होते आणि तुमचा नंबर स्वस्त यादीतून महाग यादीत जातो. मग एकाच्या जागी पाच फोन.

कंपनीचं नाव आणि एफसीएचा नोंदणी क्रमांक एवढेच दोन प्रश्न विचारा. एफसीए म्हणजे फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी. एप्रिल २०१९ पासून क्लेम कंपन्या तिच्या अखत्यारीत आहेत, तिची यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सरळ उत्तर दिलं तर लिहून घ्या, तक्रारीला उपयोगी पडेल. बहुतेक वेळा एफसीएचं नाव निघताच फोन बंद होतो. आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख, गाडीचा नंबर, विमा कंपनी यातलं काहीही सांगायचं नाही. ‘फक्त खात्री करायची आहे’ म्हणाले तरी नाही. नोंद त्यांच्याकडे आहे ना, मग त्यांनी सांगावं!

७. रेकॉर्ड केलेला आवाज येतो आणि ‘यादीतून नाव काढायला ९ दाबा’ म्हणतो. दाबायचं का?

नाही. ९ दाबल्याने फक्त एवढंच कळतं की या नंबरवर जिवंत माणूस आहे आणि तो सूचना ऐकतो. अशा स्वयंचलित फोनला तर आधीपासूनच तुमची स्पष्ट संमती लागते. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा.

मेसेज आला असेल तर तो जसाच्या तसा ७७२६ वर पुढे पाठवा, पैसे पडत नाहीत. कीपॅडवर ‘स्पॅम’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की हेच आकडे येतात, म्हणून लक्षात राहतो. उलट ‘स्टॉप’ असं उत्तर फक्त ओळखीच्या कंपनीलाच पाठवावं; अनोळखीला पाठवणं म्हणजे ९ दाबण्यासारखंच.

८. नंबर तर आमच्याच गावचा दिसतो. उलट फोन केला तर भलत्याच बाईंनी उचलला.

त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नाही. पडद्यावर दिसणारा नंबर खोटा लावता येतो, आणि स्थानिक कोड दिसला की आपण शाळेचा किंवा दवाखान्याचा समजून उचलतो. उलट फोन करून भांडू नका. लँडलाइनवर शेवटचा नंबर १४७१ फिरवून कळतो. तो तक्रारीत द्यावा, पण त्यावरून कोणाला दोषी धरू नये.

९. तक्रार कुठे करायची, आणि करून काही होतं का?

माणसाचा किंवा रेकॉर्डेड फोन असो, तक्रार आयसीओच्या संकेतस्थळावर. पाच मिनिटांचा अर्ज आहे. उचलल्यावर पलीकडे नुसती शांतता असेल तर तो विषय ऑफकॉमचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा. पैसे गेले असतील तर थेट प्रश्न १४ वर जा.

काही होतं का? खरं सांगायचं तर तुमच्या एका तक्रारीवर कोणी परत फोन करून ‘काम झालं’ सांगत नाही. पण आयसीओ कारवाई करतं ती तक्रारींचा ढीग पाहूनच. मे २०१७ मध्ये कीअरबूम कम्युनिकेशन्स या कंपनीला ४ लाख पाउंडांचा दंड झाला. दीड वर्षात तिने ९ कोटी ९५ लाख स्वयंचलित फोन केले होते, त्यांत रस्ते-अपघातांच्या क्लेमचेही होते. आणि पुढे? कंपनी दिवाळखोरीत. दंड ठोठावला की कंपनी गुंडाळायची आणि शेजारच्या दारावर नवी पाटी लावायची, ही जुनी युक्ती. त्यावर उतारा म्हणून डिसेंबर २०१८ पासून संचालकांना व्यक्तिशः ५ लाख पाउंडांपर्यंत दंड करण्याची तरतूद आली. २०२५ च्या नव्या कायद्यात कंपनीवरच्या दंडाची कमाल मर्यादाही ५ लाखांवरून १ कोटी ७५ लाख पाउंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथवर नेण्यात आली. मला स्वतःला संचालकाच्या खिशाला हात घालणं जास्त परिणामकारक वाटतं.

१०. पण माझी मान खरंच दुखतेय आणि चूक समोरच्याचीच होती. मग क्लेम करायचाच नाही का?

करायचा, जरूर करायचा. फोनवाल्याला नाही म्हणायचं म्हणजे आपला हक्क सोडायचा असं नाही. आपली मराठी माणसं ‘जाऊ दे, कशाला कटकट’ म्हणून खरा दावाही सोडून देतात, आणि मग महिनाभर फिजिओला स्वतःच्या खिशातून पैसे देतात.

इंग्लंड-वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून मानेच्या झटक्याला, म्हणजे व्हिपलॅशला, ठरलेलं दरपत्रक आहे. सुरुवातीचे दर असे होते: तीन महिन्यांपर्यंत टिकलेल्या दुखण्याला २४० पाउंड, दीड ते दोन वर्षं टिकलेल्याला ४,२१५ पाउंड. ३१ मे २०२५ पासूनच्या अपघातांना हे दर साधारण १५ टक्क्यांनी वाढले. दुखापतीची किंमत ५,००० पाउंडांपर्यंत असेल तर ‘ऑफिशियल इंज्युरी क्लेम’ या संकेतस्थळावर स्वतःच दावा भरता येतो, वकिलाशिवाय. पादचारी, सायकलस्वार, मोटारसायकलवाले आणि लहान मुलं यांना ही ऑनलाइन सोय नाही, त्यांची वाट वेगळी. तिथे वकील घेतलेला बरा.

आता हिशेब करा. क्लेमवाला किंवा ‘जिंकलो तरच फी’वाला वकील भरपाईतला पाव हिस्सा, म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत घेऊ शकतो. ६० पाउंड गेले २४० मधले. त्यासाठी काय केलं? तुम्हीच भरू शकला असता तो अर्ज भरला. मोठी दुखापत असेल, हाड मोडलं असेल, नोकरी बुडली असेल, तर मात्र चांगल्या सॉलिसिटरला दिलेला हिस्सा वसूल होतो. तो आपण शोधायचा, त्याने आपल्याला नाही. आधी घराच्या आणि गाडीच्या विम्याचे कागद काढून बघा. त्यात बऱ्याचदा कायदेशीर खर्चाचं संरक्षण असतं आणि निम्म्या लोकांना ते ठाऊकच नसतं असा माझा अनुभव आहे.

मुदत अपघातापासून तीन वर्षं. मुलांच्या बाबतीत ती अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. म्हणून ‘आजच हो म्हणा, उद्या फाइल बंद होते’ हे ऐकलं की समजायचं काय ते. आपल्या विमा कंपनीला मात्र अपघात लगेच कळवावा, क्लेम करायचा नसला तरी. पॉलिसीत तशी अट असते. समोरचा पळून गेला किंवा त्याचा विमाच नसला, तर मोटर इन्शुरर्स ब्युरोकडे दावा करता येतो. ही संस्था १९४६ पासून हेच काम करते आहे.

११. फोनवाला म्हणाला, ‘दुखत नसलं तरी मान दुखते म्हणा, पैसे विमा कंपनीचे जातात.’ त्यात काय बिघडलं?

बिघडतं तुमचं, त्याचं नाही. ही फसवणूक आहे. २००६ च्या कायद्यात तिला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. आणि २०१५ पासून कोर्टाला दावेदाराचा मूलभूत अप्रामाणिकपणा दिसला, तर दाव्याचा खरा भागसुद्धा फेटाळला जातो. म्हणजे बंपर खरंच फुटला असेल आणि मान खोटी दुखत असेल, तर बंपरचे पैसेही जाऊ शकतात आणि कोर्टाचा खर्चही अंगावर येऊ शकतो. अर्जावर सही तुमची असते. व्हिसावर असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

१२. अपघातानंतर मला ‘तुमच्या विम्याकडून’ म्हणून फोन आला आणि फुकट बदली गाडी देतो म्हणाले. हेही क्लेमवालेच का?

हा खरा गुंता. काही वेळा तो फोन खराच असतो: तुमच्या ब्रोकरने काम अपघात-व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीकडे दिलेलं असतं. पण ‘फुकट’ गाडी ही उधारीची असते. तिचं रोजचं भाडं साध्या भाड्याहून बरंच जास्त असतं, ते समोरच्याच्या विम्याकडून वसूल करायचं असतं, आणि करारावर सही तुमची. चूक कोणाची यावर वाद झाला तर तुम्हाला कोर्टात साक्ष द्यायला जावं लागतं, वसुली अडली तर तगादा तुमच्याकडे येऊ शकतो.

फोन ठेवा. पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा की हे तुमचेच का. आधी स्वतःच्या पॉलिसीत बदली गाडी आहे का, हेही विचारा.

१३. मी फोनवर हो म्हटलं आणि ईमेलवर आलेल्या फॉर्मवर सहीही केली. आता?

घाबरू नका. क्लेम कंपनीचा करार १४ दिवसांच्या आत पैसे न देता रद्द करता येतो. ईमेलने कळवा, फोनवर नाही, पुरावा हवा. १४ दिवसांनंतरही रद्द करता येतो, पण तोवर केलेल्या कामाचे वाजवी पैसे ते मागू शकतात. दाद दिली नाही तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, आठ आठवडे वाट पाहून मग लोकपालांकडे. क्लेम कंपनीविरुद्धच्या तक्रारी फायनान्शियल ओम्बड्समन घेतात. सॉलिसिटर असेल तर लीगल ओम्बड्समन.

१४. ‘भरपाई मंजूर झाली, आधी फी भरा’ म्हणाले आणि मी कार्डाचा नंबर दिला.

हे आता क्लेमचं प्रकरण राहिलं नाही, सरळ चोरी आहे. ताबडतोब १५९ फिरवा; बहुतेक मोठ्या बँकांना तो नंबर थेट जोडतो. कार्ड बंद करा. मग पोलिसांच्या फसवणूक-नोंद केंद्राला ०३०० १२३ २०४० वर कळवा. स्कॉटलंडमध्ये असाल तर १०१ वर पोलिसांना. लाज वाटून गप्प बसू नका. मला हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक डॉक्टर आणि एक चार्टर्ड अकाउंटंट होते.

१५. आम्ही स्कॉटलंडला राहतो. हे सगळं तिथेही लागू?

फोनच्या संमतीचा नियम साऱ्या ब्रिटनला, उत्तर आयर्लंडसकट. एफसीएची देखरेख स्कॉटलंडला आहे, उत्तर आयर्लंडला नाही. व्हिपलॅशचं दरपत्रक आणि तो ऑनलाइन दावा मात्र फक्त इंग्लंड-वेल्सचा. स्कॉटलंडमध्ये मुदत तीनच वर्षं, पण मुलांची ती सोळाव्या वाढदिवसापासून मोजतात.

१६. आता अपघात सोडून गाडीच्या कर्जाचे फोन येतात. हे तेच लोक का?

धंदा तोच, पाटी नवी. पूर्वी पीपीआय, म्हणजे कर्जाच्या हप्त्यांवर गळ्यात मारलेला विमा, होता. त्याची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. मध्ये परदेशी सहलीतल्या पोटदुखीचे क्लेम निघाले, मग घराच्या ओलीचे, आता मोटार-कर्जावरच्या लपवलेल्या कमिशनचे. नियम वरचेच (प्रश्न ४ आणि ६). कर्ज देणाऱ्याकडे तक्रार स्वतः करायला एक पैसा लागत नाही.

१७. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. दुपारी घरी एकटे असतात आणि प्रत्येक फोन उचलतात. काय सांगू?

लँडलाइन असेल तर कंपनीकडून नको असलेले फोन अडवण्याची सोय सुरू करून घ्या. मोबाइलवर अनोळखी नंबर गप्प करण्याचं सेटिंग असतं. पण वडीलधाऱ्यांना ‘उचलू नका’ सांगून भागत नाही. त्यांना फोन वाजताना बसवतच नाही. माझ्या आईसाठी मी फोनशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवली होती: ‘अपघात म्हणाला की ठेवायचा.’ भारतात परत गेल्यावर तिकडच्या विक्रीच्या फोनांसाठी १९०९ वर नोंद करता येते, तेही करून द्या.

१८. मुद्दाम बोलत राहून त्यांचा वेळ खाल्ला तर चालेल का?

चालतं, पण खोटा अपघात रचून सांगू नका (प्रश्न ११), आणि नाव-पत्ता द्यायचा नाही. पलीकडे बसलेला पोरगा बहुधा किमान पगारावर असतो, त्याला शिव्या देऊन मालकाला काही होत नाही.

चिठ्ठी लावण्याआधी आईने एकदा असाच फोन घेतला होता. ‘अपघात झाला होता का?’ ‘यस यस.’ मग तिने १९९१ साली विश्रामबागच्या चौकात लुनावरून पडली ते सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत: पावसाळा होता, बैलगाडी आडवी आली, डाव्या गुडघ्याला सात टाके. पलीकडच्याने चिकाटीने विचारलं, समोरच्या गाडीचा नंबर? आई म्हणाली, ‘बैल होते रे बाबा, टू बुल्स.’ वीस मिनिटांनी त्यानेच फोन ठेवला. ‘चांगला होता मुलगा,’ आई म्हणाली, ‘पण टाके कधी काढले ते विचारलंच नाही त्याने.’